अर्धी गोळी

तीस वर्षं मी कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला. काटा वर चढला की जळण कमी करायचं, एवढं मला झोपेतही कळतं. तीच अक्कल मी घरात पाजळली.

बायकोला थायरॉइडचा त्रास. ग्रंथी मंदावलेली, म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी आणि वर्षातून एकदा रक्ततपासणी. यंदाचा रिपोर्ट मीच घेऊन आलो. टीएसएच अठरा, आणि शेजारी छापलेलं की साडेचारपर्यंत ठीक. म्हटलं, काटा चढलाय, गोळी जास्त होतेय. एवढ्यासाठी डॉक्टरकडे दोन तास कोण ताटकळणार? ब्लेडनं गोळीचे दोन तुकडे केले आणि हिला सांगितलं, आजपासून अर्धीच घ्यायची. ती बरं म्हणाली. बत्तीस वर्षांत तिनं माझा शब्द खाली पडू दिला नव्हता, आणि मी मूर्ख त्यातच खूश होतो.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तर चाळीस. मी अर्धीची पाव केली. हिचा आवाज घोगरा झाला, चेहरा सुजला, भर उन्हात स्वेटर लागायला लागलं. भाजी निवडता निवडता बसल्या जागी डुलक्या घ्यायची. मी चिडायचो, आळशी झालीस म्हणायचो. ती म्हणायची, वय झालं हो आता.

एका सकाळी ती हलवूनही नीट जागी होईना. इस्पितळात नेलं तेव्हा अंग गार पडलेलं, नाडी मंद. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही रिपोर्ट पुढ्यात ठेवून मला समजावलं. टीएसएच म्हणजे मेंदूनं थायरॉइडला केलेला हुकूम. ग्रंथी जेवढं कमी काम करते, तेवढा मेंदू जास्त ओरडतो. म्हणजे आकडा चढला, तर गोळी वाढवायची असते. आता गोळीनं भागणार नव्हतं, शिरेतून औषध द्यायचं, तेही जपून, कारण हृदय थकलं होतं.

दुसऱ्या दिवशी हिला थोडी शुद्ध आली. बाईंनी तिलाच विचारलं, गोळी रोज पूर्ण घेत होतात का? हिनं माझ्याकडे पाहिलं.

"मीच विसरायचे," ती म्हणाली.

उशाशी लेक बसली होती. ती भडकली. एवढीशी गोळी लक्षात राहत नाही, आमचा जरा तरी विचार करायचास, असं रडत रडत आईला नाही नाही ते बोलली आणि तणतणत घरी निघून गेली. मी मूग गिळून बसलो. म्हटलं, बरी होऊन घरी आली की सांगू सगळं. लेक परत यायच्या आत ही गेली.

परवा लेक स्वतःचा रिपोर्ट घेऊन आली. तिचाही आकडा चढलाय. डॉक्टरांनी गोळी सुरू केलीय, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं आहे. गोळ्यांची डबी टेबलावर ठेवत ती म्हणाली, मी आईसारखी हलगर्जी करणार नाही. मला राहवेना.

"आई विसरली नव्हती गं. गोळी मी अर्धी केली होती. आकडा मला उलटा कळला."

तिनं डबी उचलली आणि पुन्हा टेबलावर ठेवली. आता ओरडेल, माझं तोंडही पाहणार नाही, असं मला वाटलं. तिनं ओरडावं असंच मला वाटत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मी तिच्याशी शेवटचं तेवढंच बोलले होते."