पडदे वर की गाद्या

माझ्या ताईच्या घरात शांतता आहे, पण ती आडवी शांतता आहे. म्हणजे कशी, ते सांगतो.

ताई आणि तिची धाकटी जाऊ मिळून एक दुकान चालवतात. ताईचे पडदे, धाकटीच्या गाद्या. दुकानाला दार एकच, पण ते बरोबर मधोमध. दाराच्या डाव्या काचेत पडदे, उजव्या काचेत गाद्या. पाटीवरचे दोन्ही शब्द एकाच उंचीचे आहेत, कारण रंगारी शिडीवर असताना या दोघी खाली टेप घेऊन उभ्या होत्या. गल्ले दोन, घंट्या दोन. घड्याळ एकच, पण ते दाराच्या डोक्यावर, म्हणजे कुणाच्याच हद्दीत नाही. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, मागच्या खोलीत शेजारी-शेजारी शिलाई मशीनवर बसतात आणि कुणी मत विचारलं की दोघांचीही सुई एकदम हरवते.

अशा घरात कुणी कुणाच्या पुढे नाही, कुणी मागे नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत भांडण झालं नाही. म्हणजे रोज झालं, पण ज्याला भांडण म्हणावं असं नाही.

दोघींत मुलगी एकच. जन्माने ताईची, लाडाने धाकटीची. ही माझी भाची लिफ्ट दुरुस्त करते. एकदा आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली, तेव्हा आत वरच्या मजल्यावरचा एक तरुण अडकला होता. भाची पाना घेऊन दाराशी झटत होती आणि हा आतून तिला समजावत होता, की लिफ्टमधल्या बटणांची मांडणीच मुळात चुकीची आहे. दार उघडायला बराच वेळ लागला. मला वाटतं, तिने मुद्दामच लावला.

मग एक दिवस जेवताना तिने जाहीर केलं, "मला लग्न करायचंय. मुलगा वेबसाइट बनवतो."

"म्हणजे नक्की काय करतो?" ताईने विचारलं.

"दुकानं मांडतो, आई. फोनच्या आतली."

"आणि झाडून कोण काढतं?" धाकटी म्हणाली.

दोघींनी अट घातली: होकार दोघींचा हवा, आणि होकाराआधी काम बघणार. आमच्या दुकानाची साइट बनवून दाखव, ती आम्हा दोघींच्या पसंतीला उतरू दे, मग बोलू. मुलगा माझ्या इमारतीतला, तोच लिफ्टमधला, त्यामुळे मला न विचारता मीच त्याचा जामीन झालो.

तो आला. बोलताना दर दुसऱ्या वाक्यात 'रकाने' म्हणायचा. हे दोन रकाने, ते तीन रकाने. संध्याकाळपर्यंत घरात त्याचं नावच 'रकाने' पडलं, आणि ते आडनाव वाटावं इतकं त्याला शोभलं. दोघींनाही तो 'काकू' म्हणायचा, आणि म्हणताना घड्याळाकडे बघायचा. मी मनात म्हटलं, पोरगा टिकेल.

पहिला नमुना त्याने उघडला. पांढरी शुभ्र स्क्रीन, त्यावर कपाटाएवढ्या अक्षरात एक शब्द आणि कोपऱ्यात पडद्याचं टोक.

"सामान यायचंय का अजून?" ताईने विचारलं.

"नाही काकू, हल्ली मोकळी जागा सोडतात. डोळ्यांना विसावा मिळतो."

"विसाव्याला माझ्या गाद्या आहेत," धाकटी म्हणाली. "जागा भर."

दुसरा नमुना काळा कुळकुळीत.

"वीज गेलीय का रे?" धाकटीने विचारलं.

"डार्क मोड आहे, काकू. सध्या सगळ्यांना हाच आवडतो."

"अंधारच असेल," ताई म्हणाली, "तर माणूस पडदा घेईल कशाला?"

याचं उत्तर जगभरच्या डिझायनरांनी मिळून शोधलं असतं तरी सापडलं नसतं.

मग कोपऱ्यातल्या तीन रेघांवरून झालं. त्या रेघा दाबल्या की सगळी यादी बाहेर येते, असं रकाने म्हणाला. "आम्ही दुकान मांडायला बसलोय," ताई म्हणाली, "लपवायला नाही." रेघा गेल्या. मग त्याने असं काही केलं, की पान सरकवलं तर मागचं चित्र सावकाश आणि पुढचं भरभर सरकावं. मागच्या चित्रातल्या खिडक्या जागेवर राहिल्या आणि गाद्या आभाळाच्या दिशेने निघाल्या. धाकटीने काउंटर घट्ट धरला. "थांबव रे बाबा, माझी गादी सुटली!"

मग त्याने एआयकडून एक चित्र काढून घेतलं. गादीवर गाढ झोपलेली बाई, चेहऱ्यावर समाधान, पांघरुणाबाहेर तीन पाय.

"तिसरा कुणाचा?" ताईने विचारलं.

"तो... मशीनचा अंदाज आहे, काकू."

"असू दे," धाकटी म्हणाली. "गादी डबल आहे हे तरी कळतं."

शेवटी रकानेने डब्याच्या खणांसारखी मांडणी केली. हल्ली तीच चालते म्हणे: गोल कोपऱ्यांचे लहानमोठे खण, ज्याचं सामान त्याच्या खणात. डावीकडे पडदे, उजवीकडे गाद्या. पडद्यांच्या खणाला झिरझिरीत काचेची झाक दिली, की मागचं थोडं पुसट दिसावं. तीही फॅशन, आणि ताईच्या मलमलीला शोभणारी. ताईने गळ्यातला टेप काढला आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर धरला. डावा खण मोजला. धाकटीने उजवा मोजला. मग दोघींनी एकमेकींचा मोजला.

"बरोबर आहे," ताई म्हणाली.

"बरोबर आहे," धाकटी म्हणाली.

त्या क्षणी लग्न ठरलं होतं. तेवढ्यात भाचीने कौतुकाने आपला फोन काढला. "आता फोनवर बघा!"

फोनवर पडदे वर होते, आणि पडद्यांच्या खाली, बोटाने दोनदा ढकलल्यावर, गाद्या.

धाकटीने फोनकडे बघितलं, मग रकानेकडे. "मला तळमजल्याला टाकलंस?"

"काकू, फोन अरुंद असतो ना. दोन रकाने शेजारी मावत नाहीत. मग एकाखाली एक..."

"मग मला वर घे."

"आणि मी खाली?" ताईने घडी करता करता पडदाच सोडून दिला. "मी या घरात हिच्याआधी आलेय!"

"आलात हो जाऊबाई. पण झोपायला गादी माझ्या माहेरून आली, तोवर सतरंजीवर होतात!"

मागच्या खोलीत दोन सुया हरवल्या.

पुढचे दिवस रकाने जो झटला, त्याला तोड नाही. दोन्ही रकाने फोनवर शेजारी बसवले, तर पडदे रिबिनीएवढे झाले आणि गाद्यांचे लोड. मग बोटाने आडवं सरकवायची सोय केली, तर आधी कुणाचं चित्र दिसणार यावर अडलं. मग दर खेपेला आपोआप पाळी बदलेल अशी युक्ती केली, तर दोघी गिऱ्हाईक सोडून दिवसभर पान उघडझाप करत बसल्या. "काल तुम्हीच जास्त वेळा वर होतात," धाकटी म्हणाली. "कसं ग बाई कळलं?" ताईने विचारलं. धाकटीने खडूच्या रेघा दाखवल्या. ताईच्याही भिंतीवर रेघा होत्या. दोन्हीकडच्या जुळेनात.

आणि रविवारी रकानेची आई यायची होती, बोलणी करायला. त्याआधी साइट जगासाठी उघडलेली पाहिजे, नाहीतर बैठकच नाही, असा दोघींचा निरोप गेला.

शनिवारी तो जिन्यात मला भेटला. चेहरा खुललेला. "मामा, सुटलं! कुणाला सांगू नका."

"मी कशाला सांगू?"

"त्यांच्या दोघींच्या फोनवर मी एक-एक खूण ठेवलीय. मोठ्या काकूंच्या फोनवर पडदे वर दिसतात, धाकट्या काकूंच्या फोनवर गाद्या. दोघी खूश!"

"आणि बाकीच्या जगाच्या फोनवर?"

तो जिन्यात थांबला. "ते राहिलंय. करतो रात्रीत."

रविवारी दुकान बंद ठेवून आतच बैठक मांडली. रकानेची आई भूल देणारी डॉक्टर. बोलणं इतकं मऊ, की समोरच्याने आपोआप आकडे उलटे मोजायला लागावं. जागा कमी, म्हणून त्यांना काचेतल्या नमुन्याच्या गादीवर बसवलं. बसल्या आणि म्हणाल्या, "अरे वा." धाकटीने ताईकडे बघून घेतलं.

ताई आणि धाकटी दोघीही अशा हसतमुख मी कधी पाहिल्या नव्हत्या. प्रत्येकीला वाटत होतं, आपण वर आहोत आणि दुसरीला अजून पत्ता नाही. दोघी एकमेकींना इतक्या मायेने चहा वाढत होत्या, की भाची माझ्या कानात म्हणाली, "मामा, यांना बरं नाहीये का?"

"आमच्या मुलाने केलेली साइट बघू तरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःचा फोन काढला.

रकाने आणि मी एकदमच उठलो. मी बसलो. तो उभाच राहिला.

"बघा ना!" ताई आणि धाकटी एका सुरात म्हणाल्या आणि दोन्ही बाजूंनी फोनवर वाकल्या.

डॉक्टरीणबाईंच्या फोनवर ना पडदे वर होते, ना गाद्या. दोन्ही एकमेकांवर होते. गादीचा अख्खा फोटो, आणि त्याच्यावरच झिरझिरीत पडदा पसरलेला, त्यातून खालची गादी पुसट, धुक्यातल्यासारखी दिसणारी. 'पडदे' आणि 'गाद्या' ही अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर चढून बसलेली.

"किती सुंदर!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहाटे खिडकीशी असं दिसतं. मला तर झोपच यायला लागली."

"मी खाली दबलेय!" धाकटी म्हणाली.

"तू दिसतेस तरी! माझ्यातून आरपार बघतायत सगळे!" ताई म्हणाली. "आणि माझ्या फोनवर तर मी वर आहे. हे बघ!"

"तुम्ही? अहो, मी वर आहे! हे बघा!"

दोन फोन शेजारी-शेजारी आले. मग फोनांची अदलाबदल झाली. मग परत झाली. मग दोघी एकदमच रकानेकडे वळल्या.

"आम्हाला दोघींना फसवलंस?" दोघी म्हणाल्या. एकच वाक्य, एकाच वेळी. असं त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं, पण कौतुक करायची ती वेळ नव्हती.

"आमच्या फोनवर खुणा ठेवायला तुला परवानगी कुणी दिली?" ताईने विचारलं.

"तुम्हीच, काकू," रकाने घड्याळाला म्हणाला. "पान उघडल्यावर खाली पट्टी आली होती. दोघींनीही 'मान्य आहे' दाबलंत."

"ती पट्टी जात नव्हती म्हणून दाबलं!"

"सगळे त्यासाठीच दाबतात, काकू."

"एक मिनिट," डॉक्टरीणबाई गादीवरून म्हणाल्या. आवाज मऊच, पण आता त्यात सुई होती. "'आई, तुझ्यासारखं वरण कुणी करत नाही,' हे तू मला म्हणतोस. बाबांच्या फोनवर ते वाक्य कसं दिसतं रे?"

रकानेने घड्याळ सोडून छताचा आधार घेतला.

ताईने हात झटकले. "ते जाऊ दे. माझा एकच प्रश्न आहे. जगातल्या बाकीच्या माणसांच्या फोनवर तू काल रात्री कुणाला वर ठेवलंस? खरं सांग. होकार त्यावर आहे."

"त्यावरच आहे," धाकटी म्हणाली.

भाचीने पोराकडे बघितलं. मीही बघितलं. खोटं बोलला असता तर एक होकार तरी हमखास होता.

"नाही ठरवता आलं," तो म्हणाला. "पान आखताना प्रत्येक गोष्टीला खान्याचा नंबर द्यावा लागतो. ही एक, ती दोन. मी रात्रभर बसलो. एकीला एक नंबर दिला, मग दुसरीला दोन लिहायला हात होईना. म्हणून दोघींनाही एकच नंबर दिला. एक. मग त्या एकाच खान्यात एकमेकींवर बसल्या. डिझाइन नाहीये ते, काकू. चूक आहे."

ताईने डॉक्टरीणबाईंच्या हातातला फोन घेतला आणि लांब धरून बघितला. मग धाकटीपुढे धरला.

"गादी छान उठून दिसतेय ग तुझी," ताई कुरकुरत म्हणाली.

"तुमच्या पडद्यामुळे, जाऊबाई," धाकटी त्याहून कुरकुरत म्हणाली.

"अक्षरं तेवढी सुटी कर," ताईने रकानेला फर्मावलं. "चित्र राहू दे."

"मग होकार समजायचा?" भाचीने विचारलं. "मी दिवसभर लोकांना वर-खाली करते. घरी तरी मला एका मजल्यावर राहू द्या."

"होकार आहे," ताई म्हणाली.

"थांबा!" धाकटी उठली. "तुम्ही आधी का म्हणालात? म्हणजे माझा दुसरा?"

"मग तू म्हण आधी."

"आणि तुम्ही मागून म्हणणार, शेवटचा शब्द तुमचा!"

शेवटी मी मधे, घड्याळाखाली उभा राहिलो. एक, दोन, तीन म्हणेन, तीनला दोघींनी एकदम 'हो' म्हणायचं. पहिल्या खेपेला ताई दोनलाच म्हणाली. दुसऱ्या खेपेला धाकटीचा 'हो' लांबला आणि ताईच्या मते तो लांबवलेला होता. पुढच्या खेपेला भाचीला हसू आलं, म्हणून ती धरली नाही. त्यापुढच्या खेपेला मागच्या खोलीतून दोन 'हो' आले. दोघा भावांनी आयुष्यात प्रथमच मत दिलं होतं, आणि तेही बाद झालं. ज्या पोराला एका होकाराची मारामार, त्याच्यावर होकारांचा पाऊस पडत होता आणि एकही लागू होत नव्हता. अखेर माझा आवाज बसत आला, तेव्हा दोन 'हो' एकमेकींवर असे नेमके पडले, की कुठला कुणाचा ते ओळखू येईना.

"एकाच खान्यात!" रकाने ओरडला आणि त्याने भाचीला उचललं. भाचीच्या कमरेला बैठकीतही हत्यारांचा जड पट्टा, त्यामुळे दोघंही गाद्यांच्या थप्पीवर कोसळली आणि वरून पडद्यांचा दांडा त्यांच्यावर आला. ताई ओरडली, "मलमल!" धाकटी ओरडली, "स्प्रिंग!" आणि मग दोघी काउंटरवर डोकं ठेवून हसत सुटल्या. मशीनवाले दोघे भाऊ दारात येऊन उभे राहिले. दोघांच्याही सुया सापडलेल्या होत्या.

या गोंधळात डॉक्टरीणबाईंचा मला विसरच पडला होता. नमुन्याच्या गादीवर, उन्हासाठी ओढलेल्या झिरझिरीत पडद्याआड, त्या गाढ झोपल्या होत्या. रस्त्यावरची तीन-चार माणसं काचेला नाक लावून बघत होती. धाकटीने हलकेच हलवलं. "अहो विहीणबाई, ठरलं! आमचा दोघींचा होकार झाला!"

त्यांनी एक डोळा उघडला. "माझाही आहे," त्या म्हणाल्या. मग उशी नीट करत मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "पण मग माझा वर आला, की खाली?"

रकानेने पडद्यातून हात बाहेर काढला आणि चाचपडत लॅपटॉप शोधू लागला.