जाड तळाची डावी

मी डाव्या पायाची चप्पल बोलतेय. एकटीच बोलतेय, कारण उजवी हल्ली माझ्याशी बोलत नाही. एकाच कातड्यातून निघालो आम्ही दोघी, एकाच खोक्यातून विकल्या गेलो. बिनसलं ते पुढे.

आमच्या मालकिणीची लाँड्री. नवरा कपडे धुवायचा आणि ही दिवसभर टेबलापाशी उभी राहून इस्त्री करायची. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. हात असा सफाईदार की गिऱ्हाईक बजावून जायचं, "शर्ट वहिनींकडेच द्या हं, तुम्ही हात लावू नका!" नवरा हसायचा. त्याने इस्त्री केलेल्या पँटची घडी कुठे पडेल याचा नेम नसायचा.

पन्नाशी गाठायच्या आतच तिचा डावा खुबा झिजला. पाय आखूड पडू लागला. सगळा भार उजवीवर आणि मी आपली नावाला जमिनीवर. उजवीची कुरकुर तेव्हापासूनची.

नवऱ्याने कोपऱ्यावरच्या चप्पलवाल्याला गाठलं. "हिचं लंगडणं बघवत नाही हो. काहीतरी करा."

त्याने माझ्या तळाला रबराचा थर चिकटवला. पाय आणखी आखूड झाला तसा त्यावर दुसरा. मी उजवीपेक्षा चांगली उंच झाले. खोटं कशाला बोलू, मला ताठाही चढला. पायातली वहाण पायातच बरी म्हणतात, पण मी तर तिचा अर्धा पाय झाले होते.

शेवटी गोळ्यांनीही हात टेकले. खुबा बदलावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "मला उभं राहून काम करता येईल ना?"

"येईल. पण घाई करायची नाही."

ऑपरेशन छान झालं. वॉकर धरून, मुलीने घेतलेले नवे बूट घालून ती घरी आली. नवऱ्याला कोण आनंद! त्याने आम्हाला धुतलं, पुसलं आणि पलंगापाशी जोडीने मांडलं. "अगं, घरात बूट कशाला? या बघ तुझ्या चपला. कधीच्या वाट बघतायत."

तीही हसली. आमच्यात पाय सरकवले आणि उभी राहिली. त्याने हात पुढे केला म्हणून वॉकर सोडून एक पाऊल टाकलं.

डॉक्टरांनी तिचे पाय सारखे केले होते. सारख्या नव्हतो त्या आम्ही दोघी. त्या घरात हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

ती पडली. नवा सांधा निखळला. पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा भूल, पुन्हा टाके.

नवरा मला हातात घेऊन दाराच्या पायरीवर बसून राहिला. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही मुद्दाम नाही केलंत."

"म्हणून तिचं दुखणं कमी होणार आहे का?" तो म्हणाला. मग उठला, चप्पलवाल्याकडे गेला आणि माझे दोन्ही थर खरवडून घेतले. मला तरी बोलायला तोंड होतं कुठे?

आता ती घरी आहे. डॉक्टर म्हणतात, चाला. ती पलंगावरून उतरायला तयार नाही. वॉकरवर टॉवेल वाळत असतात. दुकानात इस्त्री नवराच करतो आणि गिऱ्हाईक काही न बोलता चुरगळलेले शर्ट घेऊन जातं.

तो मात्र रोज सकाळी आम्हाला पुसून दाराशी मांडतो, तोंड बाहेरच्या बाजूला करून. काल ती भिंतीकडे बघत म्हणाली, "अहो, त्या चपला उचला तिथून. येणाऱ्या-जाणाऱ्याला उगाच वाटतं, घरातली बाई चालती-फिरती आहे."

त्याने आम्हाला उचललं. पुन्हा एकदा पुसलं आणि तिथेच ठेवलं.

बाई, मी आता उजवीएवढीच आहे गं. वॉकर धर, नवऱ्याचा हात धर, पण एकदा पाय ठेवून बघ.