शेवटचं कडवं

ताईच्या नव्या अल्बमचं काम एका बंद पडलेल्या लाँड्रीत चाललं होतं. माझं डोकं फिरायला एवढं एक कारण पुरेसं होतं. माझी बहीण गाणी स्वतः लिहिते, चाली स्वतः लावते आणि गातेही स्वतःच. माझे केस काळे होते तेव्हापासून मी तिच्या शेजारी बसून गिटार वाजवतोय. बऱ्यावाईट सगळ्या स्टुडिओंत आम्ही जाऊन आलो, पण वॉशिंग मशीनमध्ये तोंड घालून गायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती.

ही करामत आमच्या निर्मात्याची. नाव त्याला चांगलं आहे, पण दिवसभर काहीतरी उघडत, उसवत, जोडत बसतो म्हणून ताईने पहिल्याच भेटीत त्याचा खुडबुड्या करून टाकला. माईक त्याने मशीनच्या रिकाम्या ड्रममध्ये लपवले होते. मागच्या इस्त्रीच्या खोलीत भंगारातून आणलेलं टेपचं एक जुनं धूड होतं. ते सुरू केलं की आधी बराच वेळ नुसतं तापत बसे. रेकॉर्डिंग चालू असल्याचा लाल दिवा त्याने काढूनच टाकला होता. दिवा दिसला की माणूस खोटं गातो, म्हणे. मोबाइल मध्येच खरखर करतात म्हणून तेही बाहेर, त्याच्या स्कूटरच्या डिकीत. मी म्हणालो, "कवळीपण ठेवू का काढून?" तर तो चक्क विचारात पडला.

ताईला तो आवडला होता, हे माझं एक दुखणं. दुसरं दुखणं तिच्या घशात होतं. स्वरयंत्रावर गाठ आली होती. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "गाठ काढावीच लागेल. नंतर बोलू शकाल, गाण्याचं मात्र विसरा. आणि तोवर गाताना रक्त आलं, तर जिथे असाल तिथे थांबा. नाहीतर बोलणंही हातचं जाईल." ताईने त्यांच्या हातापाया पडून थोडी मुदत मागून घेतली. हा शेवटचा अल्बम होऊ दे, मग कापा काय कापायचं ते.

म्हणून मी तिला रोज बजावायचो, "ताई, राखून गा." आमच्या धंद्यात तालमीला सगळे राखूनच गातात. आवाज अर्धाच सोडायचा, वरच्या जागा खाली उतरवून नुसत्या पुटपुटायच्या आणि खरं रेकॉर्डिंग असेल त्या दिवशी गळा मोकळा करायचा. एरवी माझं एक न ऐकणारी ताई शहाण्या मुलीसारखी पुटपुटत राहिली. आम्ही दोघं खऱ्या रेकॉर्डिंगची वाट बघत होतो.

आणि एका सकाळी खुडबुड्या हात चोळत म्हणाला, "अल्बम झाला."

"झाला म्हणजे?" ताईने विचारलं.

त्याने ऐकवलं. तालमीतलं पुटपुटणं, खोकला, पाण्याचे घोट, मला घातलेल्या शिव्या, सगळं त्यात होतं आणि खाली जुन्या टेपची संथ खरखर. त्याची टेप पहिल्या दिवसापासून चालूच होती. त्याला राखून गाणारी बाईच हवी होती. आम्हाला विचारायचं सुचलं नाही आणि त्याला सांगावंसं वाटलं नाही. बरं, ऐकायला ते वाईट नव्हतं. मला त्याचाच जास्त संताप आला.

ताईने शेवटच्या गाण्यापर्यंत सगळं ऐकून घेतलं. ते गाणं भाऊजींवरचं. एका संध्याकाळी कसल्याशा फालतू भांडणावरून ते तणतणत घराबाहेर पडले आणि रस्त्यातच छातीत कळ येऊन गेले. ताई दारात उभी होती. हाक मारावी असं तिच्या मनात आलं होतं, पण मानापायी मारली नाही. ते शेवटचं कडवं लिहायला तिला वर्षानुवर्षं लागली. कडव्याच्या अखेरीला ती हाक आहे, पार तिच्या गळ्याच्या टोकाला. टेपवर ती खालच्या सुरात कशीबशी पुटपुटली गेली होती.

"हे सगळ्यात सुंदर झालंय," खुडबुड्या म्हणाला.

"हाक कुणी कुजबुजून मारतं का रे?" ताईचा आवाज चिरकला. "बाकीचं ठेव तुला हवं तसं. माझा खोकलासुद्धा वीक. पण हे एक मला नीट गाऊ दे. तेव्हा मारली नाही ती नाहीच. आत्ताही राहिली तर मी कुठे जाऊ?"

मी म्हणालो, "उद्या गा. आज तुझा घसा..."

"उद्याचं कुणी सांगितलंय? आत्ताच. गिटारही नको."

ती आमच्याकडे पाठ करून मशीनसमोर उभी राहिली आणि डोळे मिटले. खुडबुड्या मागे टेपपाशी बसला. मी मधल्या दारात थांबलो. पहिल्या वेळी आवाज हाकेच्या आधीच फाटला. दुसऱ्या वेळी सुरांऐवजी नुसती हवाच आली. तिने रुमाल तोंडाला लावला आणि घाईघाईने मुठीत दाबला, तरी मला लाल दिसायचं ते दिसलंच.

"ताई, बस झालं. रक्त आलंय."

"तू गप रे."

तिसऱ्या वेळी तर तिच्याकडे बघवेना. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. ही बाई आज इथे कायमची मुकी होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी खुडबुड्याला म्हणालो, "अरे, थांबव तिला!"

"थांबवू?" त्याचे डोळे नुसते चमकत होते. "ऐका तरी, काय तुटतोय आवाज!"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दाराशेजारच्या भिंतीवर मेन स्विच होता. मी खाडकन खाली ओढला. टेपची चक्रं थांबली. दर्शनी काचेतून भरपूर ऊन येत होतं, दिवा एकही लावलेला नव्हता, त्यामुळे पुढच्या खोलीत ताईला काही कळायचा प्रश्नच नव्हता. लाइट गेली, चल घरी, एवढं मला म्हणायचं होतं. तेवढ्यासाठी मी तोंड उघडलं.

तेवढ्यात तिने शेवटचं कडवं सुरू केलं.

आणि आवाज आला. सगळाच्या सगळा आला. कुठे होता इतके दिवस, देव जाणे. शब्दाला शब्द लागत वर चढत गेला आणि कडव्याच्या अखेरीला तिने भाऊजींना त्यांच्या घरातल्या नावाने अशी हाक मारली की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन कुणाला बोलावतायत म्हणून बघायला लागला. खुडबुड्याने मला ढकलून स्विच वर केला, टेपवर थापा मारल्या, पण ते धूड नुसतं घुमत तापत बसलं. चक्रं हलली तेव्हा कडवं संपून गेलेलं होतं.

ताई वळली. इतकी मोकळी झालेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"घेतलंस ना?" तिने विचारलं. आता तिच्या तोंडून फक्त श्वास येत होता.

खुडबुड्याने माझ्याकडे बघितलं. पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता. खरं सांगितलं तर ती पुन्हा उभी राहणार, रक्त ओकेपर्यंत गाणार, आणि तरी ते पुन्हा येणार नाही, हे मला कळत होतं. त्यालाही कळत असावं.

"घेतलं, ताई," मी म्हणालो.

ती बाकावर बसली आणि पदराने डोळे पुसत हसली.

"मग आता कापू दे त्या डॉक्टरला," असं पुटपुटून ती पायाने चपला चाचपू लागली.