टॅनर गल्लीतला धूर

मी एक जुना भाता आहे, मित्रांनो. लोहाराचा नव्हे, गटारं तपासणाऱ्याचा. माझ्या तांब्याच्या पोटात तेलकट चिंध्या पेटवायच्या आणि धूर गटाराच्या नळात सोडायचा. नळ जिथे फुटला असेल तिथून धूर बाहेर येतो. मला काही लपवता येत नाही.

इंग्लंडमधल्या लीड्सच्या कारखान्यातून मी क्लेबेकच्या नगर परिषदेत आलो, तो जोसाया क्रॅब्ट्री या आरोग्य निरीक्षकाच्या हाती. दर शनिवारी तो माझ्या चामड्याला तेल चोळी. आम्ही गावभर फिरलो. लोक नाकाला रुमाल लावून आमच्यामागे येत आणि घरमालक दारं लावून घेत.

१९०९च्या ऑगस्टमध्ये टॅनर गल्लीत विषमज्वर आला. अकरा आजारी, दोन गेले. आरोग्य समितीचे अध्यक्ष ऑल्डरसन म्हणाले, "गिरणीतल्या बायका घाणेरड्या, दुसरं काय!"

क्रॅब्ट्री मला घेऊन निघाला. गल्लीत राहणारी गिरणीकामगार हॅना सगडेन वाट अडवून उभी राहिली. तिची थोरली मुलगी आठवड्यापूर्वी गेली होती, धाकटी तापानं फणफणत होती.

"आलात? मोजा आता माझं अंगण किती घाण आहे ते! रोज खरडून धुते मी. हात बघा माझे!"

 क्रॅब्ट्रीनं नळी गटारात घातली आणि मला दाबायला लागला. धूर आत जात होता, पण गल्लीत कुठेच वर येईना. कुठे चाललाय माझा धूर?

तेवढ्यात भिंतीपलीकडून किंकाळी आली, "आग! आग लागली!"

भिंतीपलीकडे ऑल्डरसनसाहेबांची दूध डेअरी होती. तिथल्या विहिरीच्या काठातून धूर येत होता, म्हणजे गल्लीचं गटार त्या विहिरीत झिरपत होतं. त्याच पाण्यानं दुधाच्या किटल्या धुतल्या जात आणि ते दूध टॅनर गल्लीत विकलं जाई. ऑल्डरसन धावत गल्लीत आले.

"बंद कर ते! मार्चमध्ये तुझी फेरनेमणूक माझ्याच समितीपुढे यायचीय. विसरलास काय रे?"

क्रॅब्ट्रीचा हात थांबला.

"का थांबलात?" हॅना हळूच म्हणाली. "घाबरलात?"

"घाबरलोय, बाई," तो म्हणाला आणि त्यानं मला पुन्हा दाबलं, विहिरीवर सगळ्यांना धूर दिसेपर्यंत. मग उभ्याउभ्याच नोटीस लिहून त्यानं विहिरीला साखळी घातली आणि दूध थांबवलं.

पंधरा दिवसांत नवे रुग्ण यायचे थांबले. हॅनाची धाकटी वाचली. गल्लीचा फुटका नळ खणून नवा घातला गेला.

मार्चमध्ये क्रॅब्ट्रीची फेरनेमणूक झाली नाही. जाताना त्यानं माझ्या चामड्यावरून एकदा हात फिरवला. नव्या माणसानं मला फडताळात टाकलं. त्याला कुणाशी वाकडं घ्यायचं नव्हतं. चामडं सुकलं, तडकलं, उंदरांनी कुरतडलं.

दोन वर्षांनी मिल लेनमध्ये ताप आला. धावपळ करत मला बाहेर काढलं, दाबलं, आणि माझ्यातून नुसतं फुसफुस झालं. शेजारच्या गावाहून दुसरा भाता यायला आठ दिवस लागले.

मित्रांनो, खरं दाखवणाऱ्यांना अडगळीत टाकू नका. मला तेल चोळायला पाच मिनिटं पुरत. मिल लेनमधली तीन मुलं त्या आठ दिवसांत गेली.