मुळाच्या शेजारची आत्या

केदारखेड्यात सांडूआबाच्या पोरीबद्दल काय काय उठलं होतं, ते सगळं सांगायचं तर पुरवणीचं पान पुरायचं नाही. सत्यशीला पुण्यात ताऱ्यांचे एक्स-रे काढते, एवढं खरं. त्यावर गावानं रचलं, की हाड मोडलेला तारा आधी तिच्याकडं येतो, मग प्लास्टर घालून परत वर टांगतात. मागच्या सुट्टीत एकानं लंगडी शेळी दारात आणून उभी केली होती. "बाई, हिचा पाय बघा की. ही तर जमिनीवरच हाये, तुम्हाला सोपं पडंल."

सत्यशीला हसून सोडून देई. तिचं काम एका मेलेल्या ताऱ्याच्या राखेचं. तारा मरताना फुटतो आणि तापलेली राख हजारो वर्षं पसरत राहते. त्या राखेचे क्ष-किरण हवेतून खाली उतरत नाहीत, म्हणून दुर्बीण उपग्रहावर. विंचवाच्या शेपटीजवळच्या अशा एकाच राखेमागं तिची उमेदीची वर्षं गेली होती. राखेची कड किती सरकली, ते बघायचं. दिसलं तेवढंच लिहायचं. दिसलं नाही तर 'माहीत नाही' असं लिहायचं. जिभेलाही तेच वळण लागलं होतं.

त्या दिवशी ती आई साखराबाईंबरोबर ओसरीत शेंगा फोडत बसली होती. थोरला भाऊ अंगद इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला.

"सत्ये, भोकरदनचे कचरूभाऊ येऊन राह्यले. त्यांच्या पोरासाठी वर्षीला बघायला."

"दादा, तुझी वर्षाराणी सोळाची आहे. अकरावीत आहे."

"सोळा म्हंजी काय पाळण्यात हाये का? आई तेराची आल्ती या घरात. काय झालं तिला?"

साखराबाईंनी शेंगांवरून मान वर केली नाही.

"सगळं जमल्यातच हाये," अंगद पुढं म्हणाला, "फक्त पोरगी पडली मूळ नक्षत्राची. मूळ सासऱ्याला खातं म्हणत्यात. कचरूभाऊ लई घाबरून राह्यला. म्हणला, तुमच्या ताऱ्यावाल्या बाईला विचारतो, मंगच पुढचं."

जन्मभर असल्या गोष्टींवर चिडलेल्या सत्यशीलेला पहिल्यांदाच त्या मुळाविषयी माया वाटली.

चुलीपाशी वर्षाराणीनं तिचा हात धरला. "आत्या, म्हण ना, मूळ लई कडक हाये. एवढंच म्हण. तुझंच ऐकणार हायेत ते."

"असं खोटं कसं सांगू गं?"

"त्यांला कुठं खरं पाह्यजे?"

कचरूभाऊ सतरंजीवर ऐसपैस बसले. चिवड्याच्या दोन बशा झाल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "बाई, खरं खरं सांगा. मूळ मला खाईल का?"

 आतल्या दाराशी वर्षाराणीची ओढणी दिसत होती. सत्यशीलेनं तिकडं पाहिलं आणि विचारलं होतं त्याचं उत्तर दिलं.

"भाऊ, मूळ म्हणजे विंचवाची शेपटी. तिच्या शेजारीच मी इतकी वर्षं बघत आलेय. तिथं अख्खा तारा फुटला, पण इथं कुणाच्या सासऱ्याला साधी शिंकसुद्धा आली नसेल. तारे माणसाचं काही करत नाहीत."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही. पण मुलगी अजून..."

तो 'पण' ऐकायला कुणी थांबलंच नाही. "जल्दी नारळ आणा!" कचरूभाऊ असे उठले, की सतरंजीही त्यांच्याबरोबर हातभर उठली म्हणतात. "राजूरच्या गणपतीला पेढे वाटतो!"

"भाऊ, ती सोळाची आहे. कायद्यानं..."

"अवो बाई! तुम्हीच म्हणल्या ना, कशानं काही होत न्हाई!"

ओसरी खदाखदा हसली. तुळशीचं लग्न झालं, की पहिल्याच तिथीला लग्न ठरलं. पाहुणे गेल्यावर अंगदचे डोळे भरून आले. "सत्ये, जोशीबुवाला वर्षभर सुटंना ते तू एका वाक्यात मोकळं केलं बघ."

वर्षाराणी बशा विसळत होती. रडत नव्हती. "आत्या, एकदाच खोटं बोलली असतीस तर?"

'माहीत नाही' एवढंही सत्यशीलेला म्हणता आलं नाही.

दिवस मावळताना शेळ्यांच्या वाड्यामागं जाऊन तिनं १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर लावला. गाव सांगितलं, मुलीचं वय सांगितलं.

"मुलीच्या वडिलांचं नाव?"

पूर आला की तिला खांद्यावर घेऊन नदीपार शाळेत सोडणारा दादा. त्याच खांद्यावरून ती आभाळापर्यंत गेली होती. आता त्याचं नाव ओठांवर येईना.

"हॅलो? ताई, ऐकू येतंय का?"

मागून एक ओला हात आला. त्यानं फोन अलगद काढून घेतला.

"लिहा बाई. अंगद सांडू, केदारखेडा." वर्षाराणीचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. "त्यांचीच पोरगी बोलून राह्यले."