शेवटच्या पानावरची राहिलेली ओळ

मित्रांनो, मी बारा इंचांची एक जुनी पितळी पट्टी. माझ्या एका कडेला इंच आहेत आणि दुसऱ्या कडेला छापलेल्या ओळी मोजायच्या खुणा. पहिला इंच आता पार झिजलाय, म्हणून लोक दुसऱ्या इंचापासून मोजायला लागतात, शेवटी एक वजा करायला विसरतात आणि खापर माझ्यावर फोडतात. असो. मी सरळ आहे आणि बोलतेही सरळ.

माझं आयुष्य एका साप्ताहिकाच्या टेबलावर गेलं. ते शहरातल्या ज्यू समाजाचं साप्ताहिक होतं. समाज लहान, घरं जेमतेम सहाशे, पण मतं बाराशे! खाली छापखाना आणि वर कचेरी. मालक तेच, संपादक तेच, बातमीदार तेच आणि पोस्टात गठ्ठे पोचवणारेही तेच.

या मालकांना खेळाचं विलक्षण वेड. तरुणपणी ते समाजाच्या क्लबाचे गोलकीपर होते आणि एका सामन्यात त्यांनी अकरा गोल खाल्ले होते. ही गोष्ट ते कचेरीत आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला चहा यायच्या आधी सांगत. “चेंडू अडवता येईना, म्हणून लिहायला लागलो,” असं म्हणून स्वतःच हसत.

शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस. तेव्हा छापखाना बंद, रेडिओसुद्धा बंद. आणि शहरातले मोठे सामने नेमके शनिवारी दुपारी! मालकांनी नेम कधी मोडला नाही. पण तिसरा तारा दिसला रे दिसला की ते समोरच्या न्हाव्याच्या दारात हजर. “काय झालं? कोण जिंकलं?” हे मला न्हाव्यानेच कचेरीत येऊन सांगितलेलं आहे.

अंक गुरुवारी छापून व्हायचा, शुक्रवारी दुपारपर्यंत घरोघरी पोचायलाच हवा म्हणून. शेवटचं पान खेळाचं. यात मालकांची एक हुशारी होती. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे प्रार्थनेचं पुस्तक मागच्या बाजूने उघडतं. आमची म्हातारी मंडळी त्याच सवयीने पेपरही मागून उघडत. म्हणजे सगळ्यांच्या आधी त्यांना दिसायचं ते आपल्या पोराबाळांचं पान.

त्या पानाचा नियम एकच होता. जो खेळला त्याचं नाव छापायचं, मग तो हरलेला का असेना. “माणूस मेल्यावर पेपरात नाव येतंच,” मालक म्हणत. “जिवंतपणी एकदा यायला काय हरकत आहे?”

मीही मैदान पाहिलंय. एकदा लांब उडी मोजायला टेप सापडेना, तेव्हा मालकांनी मला वाळूत चौदा वेळा आडवं पाडलं. पंच म्हणाले, “पट्टी खरी आहे हो तुमची.” त्या कौतुकावर मी कित्येक वर्षं काढली.

आता माझ्या आयुष्यातला तो गुरुवार सांगते. शहरातल्या शाळांच्या रिले शर्यती दरवर्षी शनिवारी होत, म्हणून आमच्या मुली त्यात कधीच धावल्या नव्हत्या. मालकांनी दोन वर्षं पत्रांवर पत्रं लिहिली आणि अखेर रविवार मिळवला. आमच्या चार मुली धावल्या. तिघींपर्यंत संघ तिसरा होता. चौथी होती घड्याळजीची मुलगी, समाजात नवीन आलेली, बारा वर्षांची, अंगाने काडी. तिने दोघींना मागे टाकलं आणि शर्यत जिंकून दिली. मालकांनी अर्धं पान लिहिलं आणि चारही नावं घातली.

गुरुवारी दुपारी समाजातले एक आजोबा वारले. आमच्यात दफनाला उशीर करत नाहीत, म्हणून मालक तसेच कबरस्तानात गेले. इकडे बाकीची पानं भरली होती, म्हणून निधनाची बातमी शेवटच्या पानावर बसवावी लागली. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे जुळारीकाका एकटेच होते. त्यांनी मला पानावर ठेवलं. एक ओळ जास्त भरली. काकांनी शर्यतीच्या बातमीची शेवटची ओळ उचलून बाजूला ठेवली, यंत्र सुरू केलं आणि ते विसरूनही गेले. त्या ओळीत चौथं नाव होतं.

माझं माप बरोबर होतं. त्याचाच मला तेव्हा अभिमान वाटला, हे कबूल करते.

मालकांनी चार नावांचं पान आधीच तपासलं होतं, म्हणून छापलेलं पुन्हा वाचलं नाही. शुक्रवारी सकाळी घड्याळजी पाच अंक विकत घ्यायला आले.

“काय धावली तुमची लेक!” मालक म्हणाले. “वारा, नुसता वारा!”

“हो,” म्हणत घड्याळजींनी अंक मागून उघडला. उभ्या उभ्या वाचला. मग म्हणाले, “एकच द्या.” आणि गेले. मालक तोवर गठ्ठे बांधायला वळले होते. ते मी पाहिलं. मला तोंड नाही, मित्रांनो.

पुढे संगणक आला. मी वाळलेल्या पेनांबरोबर खणात पडले. मालकांच्या मुलीने पेपर हाती घेतला. चाळीस वर्षं गेली. मालक चौऱ्याऐंशीचे झाले, तेव्हा क्लबाने त्यांचा सत्कार ठरवला आणि लेकीने शेवटचं पान त्यांच्यासाठीच लावलं.

“बाबा, तुमची आवडती बातमी पुन्हा छापतेय. मुलींची रिले.”

“वाच, वाच!”

तिने वाचली. मालकांनी बोटं मोजली.

“चौघी धावल्या. नावं तीनच?”

“छापलीत तेवढीच, बाबा.”

मालक मटकन खुर्चीत बसले. त्यांना ती शर्यत पावलापावलाने आठवत होती. त्या मुलीचा घसरलेला मोजासुद्धा आठवत होता. फक्त नाव आठवेना. जुळारीकाका केव्हाच गेले होते. बाकीच्या तिघींपैकी एक आता दातांची डॉक्टर होती. मालकांनी स्वतः तिला फोन लावला आणि तिने नाव सांगितलं.

पण पान भरलेलं होतं. लेक म्हणाली, “पुढच्या आठवड्यात देऊ.”

“नाही. याच अंकात,” मालक म्हणाले आणि त्यांनी खणातून मला काढलं. पानावर मला बरोबर टेकवलं. स्वतःवरच्या लेखातली एक ओळ त्यांनी पेन्सिलीने खोडली. “‘थोर क्रीडाप्रेमी आणि अत्यंत निगर्वी’ म्हणे! निगर्वी माणसाला चार कॉलम लागतात होय गं?”

त्या जागी चूक कबूल करून चौथं नाव आलं. लांबी पावणेदोन इंच. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात खरं माप ते.

शुक्रवारी सकाळी बावन्न वर्षांची एक बाई जिना चढून आली. काठी नको, हात नको, भरभर चढली. तिच्या हातात आमचा चाळीस वर्षांपूर्वीचा अंक होता.

मालक उठून उभे राहिले. “फार उशीर झाला, बाई.”

“झालाच,” ती म्हणाली. “एवढी मागे मी कुठल्याच शर्यतीत पडले नव्हते.”

तिने जुनं शेवटचं पान टेबलावर पसरलं. तिसऱ्या नावाच्या पुढे, समासात, बारीक अक्षरात पेनने चौथं नाव लिहिलेलं होतं.

“बाबांनी लिहिलं त्या दिवशी. घड्याळाच्या कामाचा हात होता, म्हणून मावलं.”

“मला बोलले का नाहीत गं ते?”

“मी रडून विचारलं होतं. तर म्हणाले, या आठवड्यात एका घरचं माणूस गेलंय. त्यांना जागा लागली असेल.”

मालकांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. नवीन अंक त्यांनी जुन्याशेजारी ठेवला. मी दोन्हींवर आडवी पडून राहिले, वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. पितळ आहे, टिकेन. पण तुम्ही कधी काही मोजायला बसाल, यादी कराल, नावं लिहाल, तेव्हा कोण राहिलं ते एकदा बघा. आणि जागा कमी पडली, तर आधी स्वतःची ओळ कापा.