गुण्याच्या कोपऱ्यातलं कुंकू

मी एक जुना गुण्या आहे, काटकोन तपासायचं लोखंडी हत्यार. मित्रांनो, काटकोन म्हणजे काय, याचा अंतिम निकाल या पृथ्वीतलावर मीच देतो. राजे बदलतात, नव्वद अंश बदलत नाहीत. एकोणीसशे एकेचाळीसच्या दसऱ्यानंतर मात्र मी एकदा खोटं बोललो, आणि नेमकं तेव्हा एका माणसाचं पोट माझ्यावर अवलंबून होतं.

लढाईसाठी फिटर हवेत म्हणून लोणावळ्यात रुळांच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये तंत्रशिक्षणाचा वर्ग निघाला, तेव्हा मी तिथे आलो. विद्यार्थ्यांना रोज वापरायला दुसरे, झिजलेले नग होते. मी कपाटात, बनातीच्या पेटीत. अंबाजी मास्तर रेल्वेत आयुष्य काढलेले. ते मला दाखवून म्हणत, "तुमी खोटं बोलाल, ह्यो बोलणार न्हाई."

बहिरू टाकव्याच्या वरच्या वाडीतला, सव्वीस वर्षांचा, खाणीत दगड फोडून आलेला. सात महिने त्याने कानस चालवली. पास झाला तर वीजघरात फिटर, नापास झाला तर पुन्हा खाण. घरून निघताना बायको बायडाबाई काय म्हणाली, ते तो शेडमध्ये सगळ्यांना सांगे: "जावा. घण हितंच हाय, त्यो काय कुटं पळत न्हाई."

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली. मास्तरांनी माझ्या आतल्या कोपऱ्यात ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं आणि मला पेटीत ठेवलं. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं, ते आपोआप जातं. बंद पेटीत ते जात नाही, वाळून खडा होतं, हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून परीक्षक आले. बहिरूने सकाळपासून घासलेला पोलादी ठोकळा त्यांनी माझ्या कोपऱ्यात बसवला आणि आम्हा दोघांना खिडकीकडे धरलं. कड काटकोनात असेल तर मधून उजेड येत नाही.

उजेड आला.

"केसभर चुकलंय," परीक्षक म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल उचलली.

"साहेब, माझं लोखंड बरोबर हाय."

"मग काय गुण्या खोटा?"

शेडमधल्या कानशी थांबल्या. मास्तर वर पत्र्याकडे बघू लागले. त्यांना कुंकू आठवलं होतं. पण परीक्षेआधी हत्यारं पुसावीत, हा नियम भिंतीवर त्यांच्याच अक्षरात होता. मला तर तोंडच नाही. पेन्सिल कागदाला टेकली.

"जरा द्या हिकडं," म्हणत बहिरूने मला घेतलं आणि डोळ्याजवळ धरलं. "मास्तर, हितं कुंकू बसलंय."

"पूजेचं हाय ते, बहिरू. पुसू नको."

"देवाची माफी मी मागतो. न्हाईतर तुमी चला माझ्यासंगं खाणीत."

त्याने नखाने कोपरा खरवडला, धोतराच्या सोग्याने मला पुसलं आणि परत दिलं. परीक्षकांनी पुन्हा ठोकळा बसवला, पुन्हा खिडकीकडे धरला. या वेळी मधून उजेड आला नाही.

"बरोबर आहे," ते म्हणाले. मग मास्तरांकडे वळून, "पुढच्या वर्षी कपाटाला लावा कुंकू."

मित्रांनो, वर्ग मोडला तेव्हापासून मी त्याच पेटीत गंजत पडलो आहे, म्हणून एवढं मागतो. आमची पूजा जरूर करा, पण कामाला घेण्याआधी पुसा. हत्याराला मान चालतो, थर चालत नाही.

बहिरू पास झाला आणि वीजघरात फिटर म्हणून लागला. तिथे त्याला झडपांना ग्रीस लावायचं काम दिलं. त्यात काटकोन लागत नाही.